स्क्रॅच गुपचूप काय काय सांभाळून घेत होतं

स्क्रॅच म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा, आणि पायथन म्हणजे कोड टाइप करून लिहायची भाषा. स्क्रॅचमधून पायथनकडे जाताना मूल इंग्रजी स्पेलिंगवर आणि टायपिंगवर अडतं, असं बहुतेक पालकांना वाटतं. सुरुवातीचे काही दिवस ते खरंही असतं. पण खरी मेख पुढे आहे. स्क्रॅच कितीतरी गोष्टी न बोलता सांभाळून घेतं आणि पायथन तसलं काही करत नाही. त्या जागा शिकवणाऱ्याला आधीच ठाऊक असल्या की रडारड बरीच कमी होते.

हा बदल कोणत्या वयात करावा याला फारसा अर्थ नाही. मुलाने कुणी न सांगता व्हेरिएबल (स्कोअरसारखी किंमत साठवणारी जागा) वापरलंय का, एका इफच्या, म्हणजे अट तपासणाऱ्या ब्लॉकच्या, पोटात दुसरा इफ बसवलाय का, 'माय ब्लॉक्स'मध्ये स्वतःचा ब्लॉक बनवलाय का, एवढं बघा. स्क्रॅचमधलं मांजर नाचवण्यापलीकडे गेलेलं नसेल तर खुशाल आणखी सहा महिने स्क्रॅचवर राहू द्या. बिघडत काही नाही.

कॉम्प्युटरवर थॉनी टाका. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला हा मोफत एडिटर आहे. पायथन त्याच्यासोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करावं लागत नाही. टाकल्याटाकल्या व्ह्यू मेनूतून व्हेरिएबल्सची चौकट उघडून ठेवा. स्क्रॅचच्या स्टेजवर स्कोअरचा आकडा दिसायचा, तो इथे या चौकटीत दिसतो.

पहिला प्रोग्रॅम चौकोनाचा असू द्या, पण आधी तो स्क्रॅचमध्ये पेन लावून काढून घ्या: रिपीट 4, आत मूव्ह 100 आणि टर्न 90. मग तोच थॉनीत, टर्टल मॉड्यूल (चित्रं काढण्यासाठी पायथनसोबत येणारा तयार कोड) इम्पोर्ट करून, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये बोलावून. आधी फॉरवर्ड 100 आणि राइट 90 या दोन ओळी चार वेळा लिहू द्या, म्हणजे आठ ओळी. टायपिंगचा कंटाळा आला की 'फॉर आय इन रेंज 4'ची किंमत कळते. त्या ओळीच्या शेवटी कोलन दिला तर एंटर मारल्यावर थॉनी पुढची ओळ आपोआप आत सरकवतं. सरकली नाही, तर कोलन राहिलाय. ही खूण मुलं पटकन उचलतात. आत सरकलेल्या ओळी म्हणजेच रिपीट ब्लॉकच्या जबड्यातले ब्लॉक, हे दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून बोटाने दाखवा. शब्दांत समजावत बसू नका.

इथे एक चूक हमखास होते: मूल फाइलला 'टर्टल' असंच नाव देतं. मग इम्पोर्ट करताना पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी मुलाचीच फाइल उघडतं आणि अगम्य एरर येते. 'रँडम' नावाच्या फाइलचंही तेच. दुसरा घोळ व्हॉट्सअॅप किंवा वर्डमधून कोड कॉपी केल्यावर होतो. अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात, ती पायथनला चालत नाहीत. कोड टाइपच करायला लावा.

आता गुपचूप कारभाराकडे येऊ. स्क्रॅचमध्ये 'आस्क'ला 5 असं उत्तर दिलं आणि त्यात 5 मिळवले तर 10 येतात. पायथनमध्ये इनपुटमधून आलेलं 5 हा मजकूर असतो. त्यात आकडा मिळवायला गेलं तर टाइपएरर (प्रकार न जुळल्याची एरर), आणि दोन्ही संख्या इनपुटमधून घेतल्या असतील तर उत्तर 55. मुलं म्हणतात, पायथन चुकलं. खरा फरक असा की स्क्रॅचमध्ये बेरजेचा ब्लॉक निराळा आणि मजकूर जोडणारा 'जॉइन' निराळा. पायथनमध्ये एकच अधिकचं चिन्ह दोन्ही कामं करतं आणि काय करायचं ते समोरच्या मालावरून ठरवतं. म्हणून इनपुटला इंटमध्ये, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या फंक्शनमध्ये, गुंडाळायचं.

स्क्रॅचच्या 'रिपीट अनटिल'चा पायथनमधला व्हाइल लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) करताना अट उलटी होते. स्क्रॅच म्हणतं, उत्तर बरोबर येईपर्यंत कर. पायथन म्हणतं, उत्तर चुकीचं आहे तोवर कर. अट जशीच्या तशी उतरवली की लूप एकदाही फिरत नाही आणि एररही येत नाही, त्यामुळे ही चूक सापडायला सगळ्यात जास्त वेळ जातो. यादी स्क्रॅचमध्ये 1 पासून मोजतात, पायथनमध्ये 0 पासून. इंग्रजी शब्दांची तुलना करताना स्क्रॅच कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही, पायथन करतं. मनाला येईल ती संख्या निवडणाऱ्या रँडइंटला 1 आणि 10 दिले तर 10 सुद्धा येऊ शकतो, पण 1 ते 10 ची रेंज 9 वरच थांबते. या शेवटच्या प्रकारावर मूल चिडलं तर त्याचं चुकलेलं नाही.

मराठी मुलांसाठी एक गंमत. व्हेरिएबलचं नाव 'गुण' किंवा 'वय' ठेवलं तरी पायथनला चालतं. इनपुटमध्ये देवनागरी १२ टाइप केले तरी इंट त्याचे बारा करतं. पण कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला की सिंटॅक्सएरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमाची चूक. आणि 'नमस्ते'ची लांबी विचारली तर पायथन 6 सांगतं, कारण स चा हलन्त आणि त वरची मात्रा ते वेगवेगळी मोजतं.

एरर आली की शेवटची ओळ आधी वाचायची, मग ओळीचा क्रमांक बघायचा. दाखवलेल्या ओळीत काहीच चूक दिसत नसेल, तर वरच्या ओळीत न मिटलेला कंस शोधायचा.

चौकोनानंतर संख्या ओळखण्याचा खेळ घ्या. त्यात इनपुट, इंट, व्हाइल, इफ, रँडइंट सगळं येऊन जातं. मुलाला मात्र त्याचा लाडका मांजर-उंदराचा गेमच पायथनमध्ये हवा असतो. त्याला जरा थांबवा. हिरवा झेंडा दाबल्यावर स्क्रॅच सगळ्या स्प्राइटच्या, म्हणजे पात्रांच्या, स्क्रिप्ट एकाच वेळी चालवतं. पायथन ओळीमागून ओळ जातं, त्यामुळे पहिल्याच 'व्हाइल ट्रू'मध्ये (कधीच न थांबणाऱ्या लूपमध्ये) मांजर पळत राहतं आणि उंदराची पाळीच येत नाही. गेम करायचाच तर एकाच फंक्शनमध्ये दोघांना एकेक पाऊल हलवा आणि त्याच फंक्शनच्या शेवटी टर्टलचा ऑनटायमर लावून ते 30 मिलिसेकंदांनी पुन्हा बोलवा. बाणाच्या कळा दाबूनही काही हलत नसेल, तर टर्टलला कळांकडे लक्ष द्यायला सांगणारी लिसनची ओळ राहिली आहे.