त्या एवढ्याशा भोकातून?

सांगलीच्या गावभागात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माप घेताना समोरची बाई हात पसरून उभी असते, आणि तेवढ्यात हटकून प्रश्न येतो, "काकू, किडनी दुर्बिणीतून काढली म्हणता, मग एवढ्याशा भोकातून ती बाहेर आलीच कशी?" आज तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

त्या भोकातून आलीच नाही.

पोटावर तीन भोकं पाडली होती. सगळ्यात मोठं सेंटिमीटरभर, कोटाच्या काजाएवढंही नाही. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, म्हणजे आत जागा होते. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. रक्त आणणारी धमनी आधी क्लिपा लावून बंद करतात, मग शीर. सुटी झालेली किडनी आतल्या आत पिशवीत भरतात. माझी पाण्यानं टम्म फुगलेली होती, पाणी ओढून घेतल्यावर उशीच्या रिकाम्या अभ्र्यासारखी पडली म्हणे.

आता ती पिशवी बाहेर काढायला दोन इंच तरी कापावं लागतंच. मिरजेच्या डॉक्टरांनी विचारलं, "सिझेरियन झालंय ना? मग त्याच व्रणावर घेऊ." मला एकदम पटलं. जुनी शिवण असताना नव्या जागी कात्री कशाला लावायची?

अशी किडनी पहिल्यांदा काढली १९९० साली, अमेरिकेत सेंट लुईसला, डॉ. राल्फ क्लेमन यांनी. पेशंट ८५ वर्षांची आजी होती! तिची किडनी पिशवीतच बारीक करून बाहेर घेतली होती. माझ्या सासऱ्यांचं मात्र जुन्या पद्धतीनं झालं. कुशीवर वीतभर कापलं, शेवटच्या बरगडीचा तुकडाही काढला. पुढे कित्येक महिने त्यांना त्या कुशीवर झोपता येत नव्हतं.

पण खरं विचारायचं असतं ते कुणी विचारत नाही. किडनी गेली कशानं? मुतखड्यानं. डाव्या कुशीत कळ यायची, जीव नकोसा व्हायचा. कुळथाचं कढण प्यायले, कुणी पानफुटीची पानं आणून दिली तीही चावली. एक दिवस कळ थांबली. खडा पडला म्हणून मी गणपतीला नारळ फोडून आले. तो पडलाच नव्हता, नळीत अडकून बसला होता. लघवी मागे तुंबून किडनी चार वर्षं फुगत राहिली, आणि दुखलं काहीच नाही. परत सोनोग्राफी करा असं दवाखान्यात कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. शेवटी स्कॅन केला तेव्हा डावीचं काम ७ टक्के, उरलेलं सगळं उजवी ओढत होती.

ऑपरेशननंतर टाक्यांपेक्षा खांदा जास्त ठणकला. मी घाबरले, कापलं पोट आणि दुखतोय खांदा! आत राहिलेल्या गॅसमुळे होतं तसं, दोन दिवसांत गेलं. दुसऱ्या दिवशी चालवलंही. सगळ्यांचंच असं होत नाही हो. पू किंवा टीबीनं किडनी आजूबाजूला चिकटली असेल तर मध्येच पोट उघडावं लागतं, आणि त्यासाठी आधीच सही घेतात. माझीही घेतली होती.

आता उजवीला जपते. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घेत नाही, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करते का ते सांगणारी रक्ताची तपासणी, करून घेते.

व्रण बघायचाय? राहू दे. माप झालं, हात खाली घ्या.