पप्पांचे पाय आणि योहानाचा तेरावा अध्याय

माझ्या सासऱ्यांना, आम्ही सगळे पप्पा म्हणतो, वीस वर्षांपासून शुगर आहे. मागच्या थंडीत त्यांच्या उजव्या पायाला अंगठ्याच्या खाली जखम झाली आणि ती भरून येईपर्यंत आमच्या घरात जे काही झालं ते लिहावंसं वाटलं. शुगरवाल्यांच्या घरी उपयोग होईल म्हणून, आणि त्याहून जास्त, देवाचं वचन मला त्या बाथरूममधल्या स्टुलावर बसून जेवढं कळलं तेवढं चर्चच्या बाकावर बसून कधी कळलं नव्हतं म्हणून.

आमचं सासर नगरचं. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं, त्यामुळे तिकडे पाच-पाच सहा-सहा पिढ्यांची ख्रिस्ती घरं आहेत, आमचं त्यातलंच एक. पप्पा रिटायर्ड शिक्षक, मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कितीतरी वर्षं वडील (कारभार बघणारे ज्येष्ठ सभासद) होते, संडे स्कूल घ्यायचे, रेव्हरंड टिळकांची गीतं पुस्तक न उघडता म्हणायचे. शिस्तीचा माणूस. आणि एक गोष्ट त्यांना अजिबात चालायची नाही, कोणी त्यांच्या पायाला हात लावलेला. आमच्यात तसंही पाया पडत नाहीत, सलाम म्हणायचं, पण शेजारची मुलं परीक्षेला जाताना वाकायला लागली तर पप्पा दोन पावलं मागे सरकायचे.

जखम झाली कशी तर बुटात एक खडा होता. एवढासा. ते तो बूट घालून बाजार, बँक, चर्चची मीटिंग सगळं फिरून आले आणि त्यांना काही टोचलंच नाही. संध्याकाळी मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी नायलॉनच्या बारीक दोऱ्यासारखं काहीतरी तळपायाला टेकवून टेकवून विचारलं, लागतंय का, आणि पप्पा डोळे मिटून नाही, नाही म्हणत राहिले. नसा बधिर झालेल्या. तीन महिन्यांची साखर बघतात ती एचबीएवनसी पण खूप वाढलेली. मग इन्सुलिन, अँटिबायोटिक, पायाला रक्त नीट पोचतंय का ते बघायला डॉप्लर, मेलेली कातडी काढणं हे सगळं आलंच, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे हाडापर्यंत गेलं तर अंगठा काढावा लागेल, त्या पायावर वजन टाकायचंच नाही आणि ड्रेसिंग रोज झालं पाहिजे.

रोज कोण करणार? नवरा सकाळी सातला कंपनीच्या बसने जातो तो रात्री येतो, सासूबाईंचे गुडघे गेलेत, खाली बसता येत नाही. राहिले मी.

पप्पा नाही म्हणाले. सुनेने पाय धुवायचे हे त्यांना मान्यच नव्हतं. कंपाउंडर बोलवा, मी स्वतः करतो, पण तू नाही. स्वतः करायचा प्रयत्न केला पण तळपायाखालची जखम त्यांना दिसतच नव्हती, आरसा धरून बघायचे. शेवटी सासूबाईच ओरडल्या, तेव्हा त्यांनी पाय पुढे केला, पण मान भिंतीकडे. कितीतरी दिवस ते माझ्याशी ड्रेसिंग चालू असताना एक शब्द बोलायचे नाहीत. हळूहळू मला सवय झाली. पाणी कोमट, ते आपल्या कोपराने तपासायचं कारण त्यांच्या पायाला चटका कळणार नाही, पाय पाण्यात बुडवून ठेवायचा नाही, साबणाने आजूबाजूचं धुवायचं, जखम फक्त सलाईनने, आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या पुसायच्या, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. हळद, चुना, कुठलं कुठलं तेल, सगळ्यांनी सगळं सुचवलं, आम्ही काही लावलं नाही.

असं चालू असताना उपासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, आला आणि पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पप्पांना चर्चला जाता येईना म्हणून आम्ही घरीच प्रार्थना केली. पप्पांनीच बायबल वाचायला घेतलं, योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, येशू जेवणावरून उठतो, बाहेरची वस्त्रं काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. मग त्यांच्यातला पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. तिथे पप्पा थांबले. आम्हाला वाटलं चष्मा. मग म्हणाले, मी आयुष्यभर हा पाठ येशूच्या बाजूने शिकवला, मुलांनो नम्र व्हा, सेवा करा, पण पेत्राच्या जागेवर मी कधी बसलोच नव्हतो. त्यांना पुढचं वाचवेना, माझ्या मुलाने वाचलं, येशू पेत्राला म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही.

मला त्या दिवशी लख्ख कळलं. सेवा करा यावर आपण हजार उपदेश ऐकतो, पण सेवा घ्यायला किती नम्रता लागते यावर फार कमी बोललं जातं. माझं काम सोपं होतं हो, हात चालवायचे. ज्याने सगळ्या घराला, सगळ्या मंडळीला आयुष्यभर दिलं त्याने आपला वास येणारा, पू आलेला पाय सुनेच्या मांडीवर ठेवायचा, हे जास्त अवघड. आणि कृपा म्हणतात ती हीच ना, आपण काही कमावलेलं नसतं, नुसतं पुढे करायचं असतं. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी त्यांनी मान वळवली नाही. जखम कशी दिसतेय विचारलं, मी सांगितलं कडा गुलाबी व्हायला लागल्यात.

अजून एक गोष्ट आहे, ती जरा घरातली आहे. माझे धाकटे दीर गावच्या जमिनीवरून बरेच वर्ष पप्पांशी बोलत नव्हते. त्या अध्यायात आपण एक गोष्ट पटकन वाचून पुढे जातो, की यहुदा, येशूला धरून देणारा शिष्य, तेव्हा तिथेच होता. तो उठून रात्रीत बाहेर गेला ते नंतर, म्हणजे येशूने त्याचेही पाय धुतले, सगळं माहीत असून. हे मी नवऱ्याला म्हणलं तर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने भावाला फोन लावला, जमिनीचं काही न बोलता फक्त पप्पांच्या पायाचं सांगितलं. दीर रविवारी आले.

जखम पावसाळ्याच्या सुरुवातीला पूर्ण भरली. अंगठा वाचला, देवाची स्तुती असो. आता पप्पा घरातसुद्धा एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची, चप्पल घालतात, अनवाणी एक पाऊल नाही, बूट घालायच्या आधी आत हात फिरवून बघायचा हे माझा मुलगा करतो. झोपायच्या आधी रोज तळपाय बघायचा, भेग, फोड, लाली काही आहे का, हे आता पप्पा स्वतः हाक मारून करून घेतात. जमिनीचं काही मिटलेलं नाही, दोघं त्यावर बोलतही नाहीत, पण दीर महिन्यातून एकदोनदा येतात आणि आले की पप्पांची नखं तेच कापतात, सरळ रेषेत, कोपरे न कोरता, डॉक्टरांनी दाखवलं होतं तशी.