शोकाकुलच्या खालची जागा

मंगळवार, रात्री

तेरवी आटोपली. मंडपवाला बांबू घेऊन गेला, बिछायत केंद्राची भांडी मोजून परत गेली. पाहुण्यांपैकी आत्या तेवढी राहिली आहे. घर झोपलं. आणि मी बाबांसाठी नाही, एका कार्डासाठी रडून राहिले.

मी केलेलं कार्ड साधं होतं. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, जाड पांढरा कागद. वरची जवळपास अर्धी जागा कोरी. मग बाबांचं नाव, १८ पॉइंटमध्ये, काळ्या रंगात. खाली जन्माचं वर्ष आणि गेल्याची तारीख. पुन्हा जागा. तळाशी गंगापूजन व तेरवीचा दिवस, वेळ, गाव. फोटो नाही, दिवा नाही, कमळ नाही. ती रात्र मी त्या एका नावाची जागा ठरवण्यात काढली. किंचित वर, पुन्हा किंचित खाली. त्या दिवसांत माझ्या हातून धड झालेलं काम तेवढं एकच.

दादानं मोबाइलवर पाहिलं, बरं म्हणाला. आर्वीहून छापलेला गठ्ठा आला तो वेगळाच. माझ्या कोऱ्या जागेत डावीकडे ॐ, उजवीकडे समई, मधे अंडाकृती चौकटीत बाबांचा आधार कार्डावरचा फोटो. खाली लाल अक्षरात 'शोकाकुल' आणि त्याखाली नावंच नावं. मोठेबाबा, काका, आत्या, मामा, सुना, जावई, नातू, पणतू. शेवटी समस्त परिवार, आप्तेष्ट व मित्रमंडळी. नावं कागदाच्या कडेला टेकलेली.

"एवढी जागा खाली सोडली तू," दादा म्हणाला. "लोकं म्हणतीन, पोरायले कोणी नातलगच नाही. नाही तं म्हणतीन, पैसे वाचवले."

"कोऱ्या कागदालाही तेवढेच पैसे लागतात, दादा."

"मले माहीत हाये. लोकायले नाही."

पुढं तो बोलला नाही, मीही नाही. वावराचं बोलणं निघायचं होतं, तेही त्यातच राहिलं.

इतकं का लागलं मला? विचारलं नाही म्हणून? तेवढंच असतं तर दोन दिवसांत विसरले असते. नागपूरला शिकून परत आले, इथं पत्रिका, फलक, दुकानांचे बोर्ड करते, आणि रोज ऐकते: ताई, इथं जागा राहिली, इथं काहीतरी टाका. मी टाकते. पैसे त्याचे, लग्न त्याच्या मुलीचं, माझं काय जातं? घरी येऊन मात्र तेच काम पुन्हा उघडते, टाकलेलं सगळं काढते आणि ती मोकळी प्रत माझ्यापुरती ठेवते. असा एक मोठा साठा झाला आहे, कधीच न छापलेला. निदान बाबांचं तरी छापलं जाईल असं वाटलं होतं.

कोरी जागा म्हणजे काय हे मला शिकवलं त्यांनीच. कॉलेजात शिकवलं ते नंतर.

बाबा प्रेसमध्ये कंपोझिटर होते. पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केसी, हातात ओळ जुळवायची स्टिक. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. ते खिळे उलटे वाचायचे, सरळ वाचल्यासारखे, न अडखळता. मी विचारलं होतं, दोन शब्दांच्या मधे काही नाही, मग तिथं काय ठेवता? त्यांनी माझ्या तळहातावर शिशाचा एक तुकडा ठेवला. अक्षर नसलेला, खिळ्यापेक्षा बुटका. बुटका म्हणून रोलरची शाई त्याला लागत नाही आणि कागदावर तेवढी जागा पांढरी राहते. परिच्छेद जिथं संपतो तिथून ओळीच्या टोकापर्यंत असे तुकडे भरायचे. दोन ओळींच्या मधे लेडच्या पट्ट्या. पान अर्धं कोरं असलं तरी फर्मा, म्हणजे जुळवलेलं पान, पूर्ण भरलेलाच असायचा, कारण चेसमध्ये, त्याच्या लोखंडी चौकटीत, कुठं पोकळी राहिली तर उचलताना सगळे खिळे खाली सांडतात. ओळ जुळली की बाबा अंगठ्यानं दाबून बघायचे. "हालून राहिली," म्हणायचे आणि एक पातळ तुकडा अजून सरकवायचे.

म्हणजे कोरं राहावं म्हणून त्यांना हातानं धातू भरावा लागायचा, अक्षरांइतकाच जपून. मी माउसनं ओढते आणि जागा होते. वजन लागत नाही. म्हणून लोकांना ती राहून गेलेली वाटते का? बाबांच्या कोऱ्या जागेला कुणी राहिलेली म्हटलं असतं तर त्यांनी फर्मा हातात दिला असता, उचलून बघ म्हणून.

कॉलेजच्या ग्रंथालयात गायतोंडेंच्या चित्रांचं पुस्तक मिळालं, तेव्हा त्यातलं एक पान मोबाइलवर काढून मी बाबांना दाखवलं होतं. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरातच जन्मले, हे मला तिथवर पोचल्यावर कळलं. चित्रात जवळपास काही नाही: एक रंग, त्यात विरत जाणारे दोन-चार आकार, बाकी शांत. नाव नाही, त्यांची बहुतेक चित्रं बिननावाचीच. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. हे काय आहे असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते, "याले किती वेळ लागला असन?" खरं तेच आहे. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. रोलरनं थर द्यायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, पुन्हा थर. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा जगभर लोक त्या शांततेवर लिहीत होते. आमच्या घरात तिची मेहनत एका कंपोझिटरनं आधीच ओळखली होती.

आणि त्याच माणसाच्या कार्डावर आधार कार्डाचा फोटो.

झोप येत नाही. बास.

बुधवार

सकाळी आत्या तुळशीपाशी बसली होती. कार्ड हातात. म्हणाली, "माह्यं नाव कोठं हाये, दाखव बरं."

आत्याला वाचता येत नाही. मी शेजारी बसले आणि शोधायला लागले. सापडेना. आठ पॉइंटच्या आसपासची अक्षरं, ओळीवर ओळ चढवलेली. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकलेला, रफार कुणाचा ते कळत नाही. इंग्रजी १० पॉइंटचं अक्षर १२ पॉइंट उंचीच्या ओळीवर सुखानं बसतं. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. मी १० पॉइंटला १५ च्या खाली ओळ धरत नाही. इथं अक्षराएवढीच ओळ धरलेली. वर त्या सगळ्या गर्दीला जाड ठळक केलेलं.

सापडलं शेवटी. उजव्या कडेला, जावयांच्या आधी, अर्धं एका ओळीत आणि अर्धं दुसऱ्या. आत्यानं तिथं बोट ठेवलं. काढलंच नाही. "मी लहानी होती तं तुह्या बाबानं मले पाठीवर बसवून नदी पार केली," म्हणाली, आणि मग बोट तिथंच ठेवून नदीचं, पुराचं, आजीचं सांगत राहिली.

माझ्या कार्डावर आत्याला बोट ठेवायला जागा नव्हती, हे मला दिसत होतं. दादाच्या कार्डावर होती, पण मला, शिकलेल्या भाचीला, ती सापडत नव्हती, हेही दिसत होतं. दोन्ही एकदम. कालपासून मी एकट्या माझ्या दुखण्याशी भांडत होते, आता त्यात आत्याचं बोट आलं.

दुपारभर तेच डोक्यात. कॉलेजात आम्हाला फोक्सवॅगनची १९५९ ची अमेरिकेतली जाहिरात दाखवायचे. अख्खं पान जवळपास रिकामं, वरच्या कोपऱ्यात छोटीशी गाडी, तळाशी थोडा मजकूर. सगळे वाहवा करायचे, मीही. पण त्या पानाकडे बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, की मनात आणलं असतं तर या लोकांनी पान भरलं असतं. पैसे देऊन घेतलेलं पान रिकामं सोडणं ही ऐपत दिसते. आमच्या घरचं पान रिकामं दिसलं की लोकांना ऐपत दिसत नाही, उणीव दिसते. आणि गावात उणीव म्हणजे एखादी वस्तू नसते, माणूस असतो. नाव नाही म्हणजे भाऊबंदकी झाली, बोलणं तुटलं, मयतीला आले नाहीत. मोठेबाबांचं नाव नसतं तर वर्षभर त्यावर चर्चा झाली असती, आणि ती दादाला ऐकावी लागली असती, मला नाही. मी जागा सोडली, किंमत त्यानं दिली असती. दादा हे बोलला नाही. त्याला असं बोलता येत नाही.

तरीही मी चुकले असं वाटत नाही. लागलं ते अजूनही लागून आहे. फक्त आता ते दादावर जात नाही, कुठं ठेवायचं ते कळत नाही.

शुक्रवार

बँकेच्या कामाला वर्ध्याला जावं लागलं. काम लवकर झालं, बस उशिरा होती. गोपुरीला गेले, गीताई मंदिरात. कितीदा बाहेरून पाहिलं असेल.

या मंदिराला छत नाही. मूर्ती नाही. उभ्या दगडी शिला आणि त्यांवर विनोबांच्या गीताईचे अध्याय कोरलेले. १९८० साली विनोबांच्याच हस्ते ते खुलं झालं. मी शिलांच्या कडेकडेनं चालत राहिले. ऊन होतं, कुणी नव्हतं.

निम्म्यात थांबले, कारण एक गोष्ट अंगावर आली. हे मंदिर मी आजवर 'रिकामं' म्हणून सांगत आले, गिऱ्हाइकांनासुद्धा: बघा, काही नाही तरी किती छान. पण इथं सगळं आहे! अठराही अध्याय. एक ओळ गाळलेली नाही. आमच्या कार्डावरच्या नावांच्या कितीतरी पट शब्द या आवारात उभे आहेत, आणि तरी छाती मोकळी होते. काही काढून टाकलं म्हणून नाही, प्रत्येकाला उभं राहायला दगड दिला म्हणून, आणि वर आभाळ सोडलं म्हणून.

परतीला सेवाग्रामचा फाटा आला तेव्हा बापू कुटी आठवली. शाळेची सहल तिथंच जायची. गांधीजी १९३६ मध्ये आले तेव्हा ते शेगाव होतं, सेवाग्राम नाव १९४० चं. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, सारवलेली जमीन. साधेपणा म्हटलं की सगळे तिचंच नाव घेतात. पण त्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननं मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत. कुणीतरी बसून, बोटांनी, प्रेमानं केलेली. कुटीला ती जड झाली नाहीत. आजूबाजूची भिंत तशीच सोडली म्हणून ती दिसतात. लहानपणी मला बाकी काही आठवायचं नाही, ती झाडं आठवायची.

बसमध्ये मोबाइलवरच कार्ड पुन्हा मांडायला घेतलं. आता छापायचं नाही, तरी. सगळी नावं घेतली, मोठेबाबांपासून सगळ्यात धाकट्या पणतूपर्यंत. एकेरी कार्डाची घडी केली: बाहेर फक्त बाबा, आधीसारखेच. आत डाव्या पानावर दिवस, वेळ, गाव. उजव्या पानावर नावं, एका ओळीत एक, ९ पॉइंट, मोकळी ओळ, कुणाचंही नाव तुटणार नाही अशी. मावेनात, म्हणून कागद एका मापानं मोठा केला. मग मावली. जागा उरलीसुद्धा. ठळक काहीच नाही. पुलगाव येईपर्यंत मांडून झालं. एका तेरवीच्या कार्डाला एवढा खर्च कोण करेल, ते माहीत आहे. आमच्या दादानंही केला नसता. पुढच्या वेळी कुणी 'शोकाकुल' घेऊन आलं तर हे त्याला दाखवणार, आणि मोठ्या कागदाचे पैसे थोडे कमी लावणार.

बाबांना हे दाखवता आलं असतं तर त्यांनी अंगठा कुठं ठेवला असता?

रविवार

दादानं बाबांचा फोटो फ्रेमला दिला. दुकानदार पहिलवान गड्यासारखी सोनेरी चौकट काढून बसला होता, फोटो काचेच्या कडेला भिडवून. मी म्हटलं, फोटोभोवती माउंटचा पुठ्ठा लावा, पांढरा, वर आणि दोन्ही बाजूंना दोन इंच, खाली अडीच. खाली थोडं जास्त लागतंच, सारखं ठेवलं तर फोटो घसरल्यासारखा दिसतो.

"एवढी जागा?" दुकानदार म्हणाला, आणि दादाकडे बघितलं.

दादा म्हणाला, "खालच्या जागेत नाव टाकायचं हाये. जन्म आणि मृत्यू."

मी म्हटलं, टाकू. पण लहान, आणि मी लिहीन.

"लिव," दादा म्हणाला. "पण आईले चष्म्याशिवाय दिसलं पाह्यजे."

आता त्यावर आमचं चालू आहे. तो २४ पॉइंट म्हणतो, मी १४ म्हणते. सकाळी आईला दोन्ही छापून दाखवणार.