माइक वीतभर खाली

पूरिया धनाश्रीचा बडा ख्याल चाळीस मिनिटं चालला आणि तेवढ्यात गायिकेपुढचा माइक वीतभर खाली आला. मला ते मध्यंतरात कळलं. मला, म्हणजे त्या माइककडे लक्ष ठेवायचेच पैसे घेणाऱ्या माणसाला.

पेठेतलं जुनं सभागृह. मागे खुर्च्या, पुढे भारतीय बैठक. साउंडचं काम मी अठरा वर्षं करतोय, त्यातली निम्मी तरी बैठकींची. लोकांना वाटतं की बँडचं काम अवघड आणि बैठकीचं सोपं. दोन माइक तबल्याला, एक पेटीला, एक गळ्याला, झालं. पण बँडच्या गोंगाटात निम्म्या चुका खपून जातात. इथे विलंबित एकतालात दोन मात्रांच्या मधे छताच्या पंख्याची कुरकुरसुद्धा ऐकू येते, आणि पहिल्या रांगेतले काका ती मला येऊन सांगतात.

बैठकीत खरी डोकेदुखी स्टँडची. गायिका मांडी घालून बसलेली, मांडीवर स्वरमंडल. उभा स्टँड समोर रोवायला जागाच नाही. तो बाजूला ठेवायचा आणि आडव्या दांड्यानं, म्हणजे बूमनं, माइक तोंडापर्यंत न्यायचा. एक काठी आडवी धरा, टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली अडकवा आणि ख्याल संपेपर्यंत तशीच धरून ठेवा. तुमच्या मनगटाचं जे होईल तेच बूमच्या सांध्याचं होतं. गळ्याला मी जो कंडेन्सर माइक लावतो तो शॉक माउंटसकट, म्हणजे हादरे झेलणाऱ्या त्याच्या पकडीसकट, बाटलीपेक्षा हलका नाही. दांडा पस्तीस सेंटिमीटरऐवजी सत्तर बाहेर काढला की सांध्यावरचा पीळ दुप्पट. शाळेतलंच तरफेचं गणित आहे. आयोजकांना सांगितलं तर म्हणतात, "अहो, स्टँड तो स्टँड!" त्या दिवशी व्यासपीठावर निशिगंधाच्या माळा मात्र हात राखून लावलेल्या नव्हत्या.

त्यात खाली गादी. तिपाईचे पाय गादीत रुततात, एक जास्त, एक कमी. म्हणून मी चादरीखाली प्लायवूडचा तुकडा सरकवतो आणि तीनपैकी एक पाय बरोबर बूमच्या खाली येईल असा स्टँड फिरवतो. बूम दोन पायांच्या मधे गेला की स्टँड कधी ना कधी तोंडावर पडणार. चादरीवर सुरकुती दिसली म्हणून कार्यकर्त्यांपैकी कुणीतरी तो तुकडा हळूच काढून ठेवतं, हेही ठरलेलंच.

माझ्याकडे चांगले स्टँड दोनच. दोन्ही के अँड एमचे, म्हणजे कोनिग अँड मेयर या 1949 पासून स्टँड बनवणाऱ्या जर्मन कंपनीचे. एक तबल्याला लागणार होता. दुसरा एकांकिका करणाऱ्या पोरांनी नेला होता. पोरं गुणी, पण वस्तू परत देण्याच्या बाबतीत आनंद आहे. म्हणून गळ्याला सभागृहाचा स्टँड घेतला. क्रोमचा मुलामा चकचकीत, पण सांधा प्लास्टिकचा. शिवाय स्टँड उभ्या गायकासाठीचा. पुरता खाली केला तरी तीन फुटांवर. बसलेल्या माणसासाठी दांडा खाली झुकवावाच लागतो. वरचा आटा पाच अष्टमांश इंचाचा, माझ्या माउंटचा तीन अष्टमांश, आणि हे दोन आटे जुळवणारं मधलं पितळी रिड्यूसर गायब. तसलं रिड्यूसर जागेवर असलेलं सभागृह मला अजून भेटायचंय. माझ्या पेटीत सहा असतात, त्यातलं एक बसवलं.

सांधा हातानं आवळला, दांडा हळूहळू उतरला. मग मी जे केलं ते कुणी शिकाऊ पोरानं केलं असतं तर त्याला झापलं असतं. पक्कड लावली. कट्ट असा बारीक आवाज आला. सांध्याला केसाएवढी चीर गेली. वर गॅफर टेपचे चार वेढे मारले, माइक लावला, दोन मिनिटं बघत उभा राहिलो. हलला नाही. दोन मिनिटं! ख्याल चाळीसचा. वरून दिवे तापणार, टेपचा गोंद ऊन लागलं की सरकतो, हे सगळं मला पाठ आहे.

माझा मिक्सर मागे खांबाच्या कडेला. तिथून लोकांच्या डोक्यांमधून बाई अर्ध्या दिसत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण आवाज तळपता. मधे एकदा पाहिलं तर बऱ्याच पुढे वाकलेल्या, डोळे मिटलेले. मनात म्हटलं, रंगल्या आज. आवाजाची लेव्हल तर अशी लागलेली की फेडरला, म्हणजे ती कमीजास्त करायच्या सरकपट्टीला, हात लावायची गरज नाही. त्यांनी माइकपासूनचं अंतर वाढू दिलं असतं तर लेव्हल लगेच पडली असती; अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल जातात आणि मी धावलो असतो. पण माइक बोटभर उतरला की त्याही बोटभर उतरत होत्या. मीटरला कळणार कसं? वर मध्यंतरात काका आले आणि म्हणाले, "आज आवाज झकास ठेवलायत हो." अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मी फुशारत व्यासपीठावर गेलो आणि माइक पाहिला. स्वरमंडलाच्या जरा वर लोंबत होता, टेप चुरगळून एका बाजूला आलेला.

आत बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, शिष्या पाठीला बाम चोळत होती. मी म्हटलं, "बाई, एक खूण तरी करायची होती."

"खूण काय करायची?" त्या म्हणाल्या. "तबलजी बघत होते, पेटीवाले बघत होते. म्हटलं, तुम्हीही बघतच असाल."

आवाजात राग नव्हता. त्यांनी शिष्येला आणखी जरा खाली चोळायला सांगितलं.

तबलजींना विचारलं तर म्हणाले, "साउंडवाल्यांच्या वस्तूला आपण हात लावत नाही बुवा." बरोबर आहे. मीच कधीतरी कुणावर तरी खेकसलो असेन. मागे तानपुऱ्यावर दोघी होत्या, हातभर अंतरावर. त्याही बसून राहिल्या. उत्तरार्धात तबल्याचा जर्मन स्टँड गळ्याला दिला आणि तबल्याचा माइक विटेवर टॉवेल टाकून ठेवला. कुणाला फरक कळला नाही, काकांनाही नाही.

दुसऱ्याच दिवशी बुधवार पेठेत गेलो. तपकीर गल्लीच्या आसपासच्या एका दुकानात चार स्टँड काढायला लावले, प्रत्येकाचा बूम पुरता लांब काढला आणि टोकाला दोरीनं पाण्याची भरलेली बाटली टांगली. दुकानदार म्हणाला, "घ्यायचाय का राखण करायचीय?" मी चहा मागवला. पहिल्याची बाटली चहा येईपर्यंत चार बोटं खाली. दुसऱ्याचा सांधा धातूचा, पण आतली चकती गुळगुळीत. तोही घसरला, फक्त सावकाश. तिसरा होता बिडाच्या गोल तळव्याचा. गादीवर हा झकास बसला असता, पण बूम लांब होताच मान टाकल्यासारखा कलंडला. चौथा बुटका, तिपाईचा, ओतीव सांधा, मूठ मोठी, मागच्या टोकाला वजन अडकवायची सोय. दुसरा चहा संपला तरी बाटली जागेवर. किंमत पहिल्याच्या चौपट. दुकानदारानं पाण्याच्या बाटलीचेही पैसे लावले.

रात्री रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. सत्ताविसाव्या मिनिटाला बाईंचा खालचा षड्ज जाडसर होतो. वाकून वाकून त्या माइकच्या फार जवळ आल्या की असं होणारच. एका दिशेनं ऐकणारा माइक जवळच्या आवाजाचा खर्ज फुगवतो. आणि पुढच्या दोन श्वासांत तो जाडपणा गेलेला. आपोआप गेला नव्हता. मला आठवतंय, हॉल घुमतोय असं समजून मी तिथे मिक्सरवर दोनशे हर्ट्झ, म्हणजे खर्जाकडचा पट्टा, तीन डेसिबलनं खाली ओढले होते. मान वर न करता.