दोषारोपपत्र हातात आल्यावर आधी काय पाहावं

बातमीत ‘आरोपपत्र दाखल’ असं छापून आलं की गुन्हा शाबीत झाल्यासारखी चर्चा सुरू होते, आणि त्यात माणसं उगाच भरडली जातात. दोषारोपपत्र म्हणजे तपासी अंमलदाराचं मत आणि त्याला जोडलेले कागद. दोषारोप निश्चित करायचा अधिकार कोर्टाचा, आणि ती पायरी नंतरची. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हा अहवाल कलम १९३ खाली येतो. जुन्या संहितेत हेच कलम १७३ होतं.

आरोपी कोठडीत असेल तर पहिला हिशेब दिवसांचा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मोजायला सुरुवात पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोर्टाने कोठडी दिल्याच्या, तारखेपासून करायची, अटकेच्या नव्हे. तो पहिला दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं. १ जानेवारीला रिमांड झाला आणि फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल, तर साठावा दिवस १ मार्च. २ मार्चला दोषारोपपत्र नसेल तर जामिनाचा हक्क उभा राहतो. मात्र हा जामीन मागावा लागतो. अर्ज देण्याआधीच दोषारोपपत्र आलं तर हक्क गेला. अर्ज आधी पडला असेल आणि आरोपी जामिनाची हमी भरायला तयार असेल, तर नंतर आलेल्या दोषारोपपत्राने तो हक्क जात नाही. महाराष्ट्रातल्याच उदय आचार्य प्रकरणात २००१ साली हे ठरलं. मोक्कासारख्या (संघटित गुन्हेगारीविरोधी) विशेष कायद्यात सरकारी वकिलांच्या अहवालावरून कोर्ट ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं, तेव्हा आधी लावलेली कलमं वाचा.

नकला मोफत मिळतात. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत त्या द्यायच्या असतात. पीडिताने वकील दिला असेल तर त्यालाही. नकला मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, कारण मॅजिस्ट्रेटपुढच्या वॉरंट केसमध्ये (दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत) दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला न चालवताच सोडून द्या अशा, अर्जाचे ६० दिवस तिथूनच मोजले जातात. सेशन केसमध्ये ते केस सेशन कोर्टाकडे वर्ग झाल्यापासून.

वाचताना पोलिसांनी लिहिलेली हकीकत शेवटी वाचावी. आधी साक्षीदारांची यादी आणि जबाबांच्या तारखा. घटना पाहिलेल्या शेजाऱ्याचा जबाब तीन आठवड्यांनी का, याचं उत्तर कागदात कुठेतरी असायला हवं. पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते आणि तो स्वतंत्र पुरावाही नसतो. उलटतपासात मुख्यतः विसंगती दाखवायला तो कामी येतो. मग मुद्देमाल: जप्ती पंचनाम्याची तारीख, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद, प्रयोगशाळेला पाठवल्याची तारीख आणि तिथे पोचलेल्या सीलचं वर्णन एकमेकांशी जुळवा. खटले बहुतेक वेळा इथेच कच्चे पडतात. सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीचा अहवाल) मागाहून येणार असेल तर तशी नोंद असते, तो पुरवणी दोषारोपपत्रासोबत येतो. खटला सुरू झाल्यावर पुढचा तपास करायचा तर कोर्टाची परवानगी लागते आणि तो ९० दिवसांत संपवायचा असतो. मुदतवाढही कोर्टच देतं.

मोबाईल, सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र शोधा. त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य (फाईल बदललेली नाही हे तपासायचा अंकी ठसा) लागतं. उपकरण कोणाकडून कोणाच्या ताब्यात गेलं याचा क्रमही आता दोषारोपपत्रात द्यावा लागतो. नुसता पेनड्राइव्ह जोडलेला दिसला तर तिथे खूण करून ठेवा.

दोषारोपपत्राऐवजी महाराष्ट्रात पोलिसांकडून ‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवालही कोर्टात जाऊ शकतो: गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही तर ए, फिर्याद खोटी असेल तर बी, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर सी. समरी मान्य करण्याआधी कोर्टाने फिर्यादीला नोटीस काढून ऐकायचं असतं, हा १९८५ चा भगवंत सिंग निकाल. ती नोटीस घरी आली की गप्प बसू नका. निषेध याचिका (समरीला हरकत घेणारा अर्ज) द्या आणि पोलिसांनी न घेतलेले जबाब, न मागवलेले कागद नावानिशी लिहा. मॅजिस्ट्रेट समरी नाकारून स्वतः दखल घेऊ शकतात किंवा पुढील तपास सांगू शकतात. पण दोषारोपपत्रच पाठवा, असा हुकूम पोलिसांना देऊ शकत नाहीत.