गाडी धुतली की घासली?

आज गाडी धुऊन उन्हात काढली आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकले. करणारा मीच! इतकी वर्षं एकच बादली, एकच फडकं; चाकांवरून फिरवलेलं तेच दारांवर. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण 50 मायक्रॉनचा (0.05 मिलिमीटर), त्यावर मी वाळू चोळत होतो.

मग सावलीत घेऊन पुन्हा धुतली. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवली, मग दोन बादल्या: एक शाम्पूची, एक फडकं खळबळायला. वरून खाली. दुसऱ्या बादलीच्या तळाशी चांगली चिमूटभर रेती बसलेली! भांड्यांचा साबणही बंद, तो रंगावर लावलेलं संरक्षक मेण उतरवतो. जुने ओरखडे मात्र पॉलिशशिवाय जायचे नाहीत.

बायको म्हणाली, "आंघोळ तरी एवढी मन लावून करत जा."