व्हॉल्व्ह तिरका कशाने झाला?

कार्बनच्या चाकांची जोडी पिशवीतून बाहेर निघाली आणि माझी नजर थेट मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हवर गेली. तो सरळ उभा नव्हता, एका बाजूला कलला होता.

मे महिना, भर दुपार, बाहेर 45 अंश. नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या सायकलच्या दुकानात अशा वेळी कुत्रंही येत नाही, आणि हे बापलेक घामाघूम होऊन आलेले. पोरीची रविवारी सायकलिंगची निवड चाचणी होती, टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी शर्यत. चाकं कुणाकडून तरी जुनी घेतलेली, वर ट्यूब्युलर टायर. वडील म्हणाले, "भाऊ, पैशाचं पाहू नका. सगळ्यात फास्ट टायर कोन्ता हाय, तो टाकून द्या. अन् हवा एकशेचाळीस मारा, टणक पाह्यजे."

"आधी हे पाहू द्या," म्हटलं.

ट्यूब्युलरमध्ये ट्यूब कापडाच्या आत असते आणि कापड खालून शिवलेलं असतं. टायर अडकवायला रिमला कड नसते, तो चिकटवावा लागतो. व्हॉल्व्ह कलला याचा अर्थ टायर रिमवर सरकला. मी हवा काढली आणि दोन्ही अंगठ्यांनी कडेला दाब दिला. नीट चिकटवलेला टायर काढताना बोटं सोलून निघतात. हा नागपुरी संत्र्याच्या सालीसारखा अलगद सुटून हातात आला. आत जाडसर दुतर्फी टेप होती, उन्हानं चिकट-ओली झालेली.

"चाकं कुठं ठेवता?"

"गाडीच्या डिक्कीत राहतात," पोरगी म्हणाली. "बाबांचं ऑफिस सुटेपर्यंत."

मग मी त्यांना बेलोकीची गोष्ट सांगितली. 2003 ची तूर द फ्रान्स ही मोठी सायकल शर्यत, नववा टप्पा, गॅप गावाकडचा उतार. फ्रान्समध्येही त्या वर्षी उन्हाचा कहर होता, डांबर मऊ पडलेलं. स्पेनचा होसेबा बेलोकी एकूण क्रमवारीत दुसरा होता. मागचं चाक अडकलं, टायर रिमवरून निघाला आणि तो आपटला. मांडीचं हाड, कोपर, मनगट, सगळं मोडलं. मागून येणारा, क्रमवारीत पहिला असलेला लान्स आर्मस्ट्राँग शेतात घुसून वाचला. वडिलांनी निवलेल्या चहाचा कप खाली ठेवला. "मंग पंक्चरचं सोल्युशन लावा ना, पक्कं बसते." नाही बसत. त्या कामाचा ग्लू वेगळा.

आता फास्ट टायरचं. माझ्याकडे तीन प्रकार होते. एक नायलॉनचा, ब्यूटाइलच्या म्हणजे नेहमीच्या काळ्या रबराच्या ट्यूबचा. टिकायला दणकट, पळायला आळशी. दुसरा 19 मिलिमीटरचा, लाकडी ट्रॅकवर चालणारा. वडिलांचा हात त्याच्याकडेच गेला, बारीक म्हणजे वेगवान असा समज सगळ्यांचाच असतो. तिसरा 25 चा, सुती कापडाचा, एका इंचात 320 धागे, आत लेटेक्सची, म्हणजे पातळ लवचिक रबराची ट्यूब. मी तो बोटांत धरून दुमडून दाखवला. जमिनीला टेकताना टायर दर फेरीत दबतो आणि पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात जी ताकद वाया जाते ती कापड जितकं लवचिक तितकी कमी. वेग तिथं मिळतो, बारीकपणात नाही.

ग्लूचंही तेच. मऊ, जाड थर टायरखाली सारखा चुळबुळत राहतो आणि तिथंही ताकद जाते. ट्रॅकवाले पूर्वी कडक लाखेनं टायर चिकटवायचे ते उगाच नाही. म्हणजे त्या टेपमुळे पोरीचा जीवही धोक्यात होता आणि वेळही जात होता.

संध्याकाळी रिम साफ केली. नवा टायर कोरड्या रिमवर चढवून रात्रभर ताणत ठेवला. मग रिमला आणि टायरच्या पट्टीला ग्लूचे पातळ हात दिले, प्रत्येक हात वाळू दिला. शेवटचा हात ओलसर असताना टायर व्हॉल्व्हपासून दोन्हीकडे ओढत बसवला आणि पूर्ण दिवस चाकाला हात लावू दिला नाही. यात घाई करणाऱ्याला मी सरळ दुसरं दुकान दाखवतो.

राहिला हवेचा वाद. वडील एकशेचाळीसवर अडून. शेवटी पहाटे सेमिनरी हिल्सच्या उतारावर गेलो. एकाच झाडापासून, पायडल न मारता सोडायचं, सपाटीला लागून थांबेल तिथं खडूची खूण. पोरगी हलकी, पन्नासेक किलोची. 130 पीएसआयवर (हवेचा दाब याच मापात मोजतात) चाक खडबडीत रस्त्यावर टणाटण उडायचं. 90 वर आवाजच बदलला, आणि उलटसुलट क्रमानं करून पाहिलं तरी 90 ची खूण पुढेच. गुळगुळीत लाकडावर जास्त हवा चालते. आपल्या सिमेंट रस्त्यांवर ती सायकलला आणि माणसाला नुसती हलवते. शिवाय 25 अंशांत भरलेले 100 पीएसआय टायर 45 अंशांवर गेल्यावर साधारण 107-108 होतात, तेही धरून चालावं लागतं.

वडील खुणांकडे बराच वेळ पाहत होते. "असं कसं होऊन राहिलं बाप्पा," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचा फोन. "भाऊ, दोन्ही चाकांची हवा उतरली. पंक्चर दिलं का काय तुम्ही?" लेटेक्स ट्यूब रात्रीतून हवा सोडतेच, रोज सकाळी भरावी लागते. हे मी पोरीला सांगितलं होतं, वडिलांना नाही.

सोमवारी ती चाकं दाखवायला आली. व्हॉल्व्ह सरळ, कडेला अंगठा शिरत नव्हता. निकाल यायचा होता. मी म्हटलं, पुढची चाकं घेशील तेव्हा ट्यूबलेस घे, आता मोठ्या शर्यतीतले बहुतेक त्याच्यावरच गेले. ती म्हणाली, "बघू काका. आधी या चाकांना आतून थंड राहील अशी पिशवी शिवून कोण देईल, ते सांगा."